किंमत आणि मोल

2024 च्या नोव्हेंबरमध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएल स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव झाला. विरारमध्ये लहानाचा मोठा झालेला पृथ्वी शॉ त्या यादीत होता. वय अवघे पंचवीस, मूळ बोली 75 लाख रुपये. तीन वर्षांपूर्वी दिल्लीच्या संघाने याच खेळाडूला साडेसात कोटी रुपये देऊन आपल्याकडे राखून ठेवले होते. आता त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही दहा संघांपैकी एकाचा हात वर गेला नाही. पुकारणाऱ्याने पुढचे नाव घेतले. त्याआधी महिनाभर मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले होते आणि पुढच्याच महिन्यात विजय हजारे स्पर्धेच्या संघातही त्याला स्थान मिळाले नाही.

2025 च्या जूनमध्ये त्याने मुंबई क्रिकेट संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेतले आणि जुलैमध्ये महाराष्ट्राच्या संघाने त्याला आपल्यात सामावून घेतले. आपल्या राज्यात रणजी स्पर्धेसाठी मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. तेव्हा कागदोपत्री ही घटना लहानच म्हटली पाहिजे. एका संघाने सोडले, शेजारच्या संघाने घेतले, एवढेच. परंतु या लहानशा घटनेच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ क्रिकेटप्रेमींचा नाही. जो एकदा उंच चढून खाली आला आहे, अशा तरुणाला आपल्यात घेणे म्हणजे नेमके काय करणे? ती दया आहे, चतुर हिशेब आहे, की या दोहोंहून वेगळे असे काही आहे? आणि ज्यांनी त्याला सोडले त्यांनी अन्याय केला, असे म्हणता येईल का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करू.

चौदाव्या वर्षीचे ओझे

पृथ्वी चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी आपला कपड्यांचा व्यवसाय बाजूला ठेवला आणि मुलाच्या खेळाला स्वतःला वाहून घेतले. विरारहून वांद्र्यापर्यंत सुमारे 45 किलोमीटरचा रेल्वेप्रवास हा या बापलेकांचा नित्यक्रम झाला. विरार लोकलमध्ये पहाटे शिरणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून खेळताना त्याने 330 चेंडूंत 546 धावा काढल्या, तेव्हा त्याला चौदा वर्षे पूर्ण होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र सर्व वृत्तपत्रांत होते.

पुढचा आलेख तर डोळे दिपविणारा आहे. 2017 च्या जानेवारीत तामिळनाडूविरुद्ध उपांत्य सामन्यात रणजी पदार्पण आणि त्यातच शतक. 2018 च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला राजकोट येथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत 134 धावा. पदार्पणात शतक काढणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. मग ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात घोटा दुखावला. 2019 मध्ये खोकल्याच्या औषधात आढळणाऱ्या एका निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. ते द्रव्य त्याने अजाणतेपणी घेतले, हे त्याचे म्हणणे मंडळाने मान्य केले होते. 2020 च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडच्या कसोटीत त्याने 0 आणि 4 धावा केल्या. त्यानंतर कसोटी संघाचे दार बंद झाले ते झालेच. एकंदर पाच कसोटी. मधूनमधून वीज चमकावी तशा मोठ्या खेळीही झाल्या. 2023 च्या जानेवारीत आसामविरुद्ध त्याने 379 धावा काढल्या आणि रणजीच्या इतिहासात दुसऱ्या क्रमांकाची धावसंख्या नोंदविली. पण सातत्य हरवले होते. तंदुरुस्ती आणि शिस्त यांविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले गेले. 2025 मध्ये त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितले की आपले काही निर्णय चुकले, चुकीची मैत्री झाली आणि सरावाचे तास घटत गेले.

येथे क्षणभर थांबून 2013 च्या त्या सामन्याकडे पुन्हा पाहू. प्रतिस्पर्धी संघ होता बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेचा. 546 धावा होत होत्या तेव्हा त्या अकरा मुलांनी चेंडूमागे किती धाव घेतली असेल! आज ती मुले पंचविशीच्या पुढची आहेत. कोणी नोकरी करीत असेल, कोणी दुकान चालवीत असेल, कोणाच्या घरी पाळणा हलला असेल. त्यांच्यापैकी कोणालाही कोणी 'वाया गेला' म्हणत नाही. त्या दिवशी हरलेली मुले आज अपयशी नाहीत, आणि जिंकलेला मुलगा मात्र अपयशी ठरतो. याचा अर्थ उघड आहे. आपण ज्याला अपयश म्हणतो ते पुष्कळदा माणसाच्या कर्तृत्वाचे माप नसून आपल्याच अपेक्षांचे माप असते. ज्याच्यावर आपण काहीच लादले नव्हते, तो आपली निराशाही करू शकत नाही.

आपल्या क्रिकेटला हा धडा नवा नाही. 1988 मध्ये याच हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली. कांबळीने 1993 मध्ये लागोपाठ दोन कसोट्यांत द्विशतके झळकावली. त्याची कसोटीतील सरासरी 54 च्या वर राहिली. आणि शेवटची कसोटी तो खेळला तेव्हा त्याचे वय होते तेवीस. 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने नाबाद 1009 धावा केल्या, तेव्हा मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मुलाच्या धावा होईनात, तेव्हा रिक्षा चालविणाऱ्या त्याच्या वडिलांनी आपण होऊन ही शिष्यवृत्ती थांबवावी असे संघटनेला कळविले. त्या पित्याच्या प्रामाणिकपणापुढे मान लवते. पण मनाला एक चुटपुटही लागते. त्या पैशाला मुलाच्या धावांशी बांधले कोणी? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जी मदत दिली, ती त्याने काय केले याची होती की तो काय करील याची? आपण कौतुक म्हणून जे देतो ते मुलाला कर्ज वाटू लागले, तर दोष केवळ मुलाच्या खांद्यांचा नाही.

शब्दांची घसरण

किंमत आणि मोल हे आपल्या भाषेतले जवळजवळ जुळे शब्द आहेत. मोलमजुरीतले मोल पैशांचेच असते. परंतु 'मोलाचा माणूस' असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला बाजारात काय भाव येईल, हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. उलट 'त्याला घरात कोणी किंमत देत नाही' या वाक्यात किंमत हा बाजारातला शब्द घरात शिरून आदराच्या पाटावर बसलेला दिसतो. भाषेतील ही घसरण निरुपद्रवी नाही. लिलावाची पद्धत मुळात वस्तूंसाठी. वसईच्या वाडीतली केळी वा फुले बाजारात गेली की त्यांचा भाव होतो. ज्या दिवशी माल उठला नाही त्या दिवशी शेतकरी हळहळतो, पण केळीचे लोंगर काही हळहळत नाही. माणसाचे नाव पुकारले गेले आणि सभागृह गप्प राहिले, तर ती शांतता त्या माणसाच्या कानांत राहते.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये याहून पुढची पद्धत आहे. तेथे संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि बहुतेक वेळा त्या खेळाडूची संमतीही विचारली जात नाही. त्या खेळात क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, डाव रचणारा, संघाचा जणू मेंदूच. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने नवोदितांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळावा म्हणून पहिल्या फेरीचे तीन हक्क मोजले आणि ट्रे लान्स नावाच्या कोवळ्या क्वार्टरबॅकला घेतले. दुसऱ्या वर्षी त्याचा घोटा मोडला. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याच संघाने त्याला डॅलसच्या संघाकडे पाठविले, आणि मोबदला मिळाला तो चौथ्या फेरीतील एका निवडीचा. दोन वर्षांत मुलगा तोच, हात तोच. भाव मात्र कोसळला. भाव हा माणसात नसतो, घेणाऱ्याच्या गरजेत आणि भीतीत असतो, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

महाराष्ट्राच्या ज्या संघात पृथ्वी गेला, त्या संघाच्या इतिहासातच या प्रश्नाचे एक उत्तर नोंदलेले आहे. रणजीमध्ये पृथ्वीच्या 379 हून मोठी खेळी एकच आहे. ती 1948 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध केली. धावा होत्या नाबाद 443. तेव्हाचा ब्रॅडमन यांचा 452 धावांचा विश्वविक्रम अवघा नऊ धावांवर होता. पण प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. हे निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. निवड समितीच्या तराजूत त्यांचे वजन भरले नाही, म्हणून त्या 443 धावांमधील एकही धाव कमी होत नाही.

दुसरे उदाहरण अमोल मुजुमदार यांचे. कांबळी-तेंडुलकर भागीदारी चालू असताना पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. 1994 मध्ये रणजी पदार्पणात त्यांनी 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमविल्या, मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला. पण भारताच्या संघात त्यांना कधीच जागा मिळाली नाही. 2009 मध्ये मुंबई सोडून ते आसामकडे गेले, नंतर आंध्रकडे. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुजुमदारच होते. वाट पाहण्याचा जो अनुभव त्यांच्या वाट्याला आला, त्याची लिलावात बोली लागली नसती. तो मोलाचा मात्र ठरला.

दोन विरारकर

आता न्यायाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती न पाहता केवळ सहानुभूतीच्या भरात लिहिणे सोपे असते. पण ते प्रामाणिक नव्हे. मुंबईच्या संघाने पृथ्वीला वगळले हा अन्याय होता का?

2024 च्या ऑक्टोबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी सामना झाला. मुंबईच्या डावाची सुरुवात करण्यास दोघे उतरले. एक पृथ्वी शॉ. दुसरा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, तोही विरारचाच. आजोबांचे बोट धरून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या मैदानांवर जाणारा हा मुलगा. त्या डावात पृथ्वीने एक धाव केली, आयुषने 176. त्याच महिन्यात पृथ्वी संघाबाहेर गेला. आयुष पुढे चेन्नईच्या संघात गेला आणि 2025 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार झाला. जो मार्ग पृथ्वीने सात वर्षांपूर्वी चोखाळला, तोच हा.

संघाच्या जागा अकराच असतात. एकावर दाखविलेली दया ही पुष्कळदा दुसऱ्याच्या हक्कातून कापून दिलेली असते. विरार स्थानकावर पहाटे खांद्याला किट अडकवून उभा असलेला प्रत्येक मुलगा त्या अकरा जागांकडे डोळे लावून असतो, आणि त्याला कोणी वाली नसतो. निवड करणाऱ्याने त्यालाही उत्तर द्यायचे असते. जो सराव करतो, वेळेवर येतो, शरीर सांभाळतो, त्याच्या डोळ्यांदेखत जो हे करीत नाही त्याला केवळ पूर्वपुण्याईवर खेळवीत राहणे, हाही अन्यायच होय. म्हणून सोडणे म्हणजे नेहमीच टाकणे नव्हे. कधीकधी सोडण्यातही सत्य बोलण्याचे धैर्य असते. ना-हरकत प्रमाणपत्र देणे, अडवून न धरणे, हीही एका अर्थी माणुसकीच म्हणावी लागेल.

परंतु सोडण्याच्या दोन रीती असतात. 'आज येथे तुझ्यासाठी जागा नाही' असे सांगणे वेगळे आणि 'तू संपलास' असे सांगणे वेगळे. पहिले विधान संघाविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. पहिले करण्याचा अधिकार निवड समितीला आहे. दुसरे करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि आपण सर्वजण तो वर्तमानपत्र वाचता वाचता, चहाच्या घोटाबरोबर, सर्रास बजावीत असतो.

क्षमा, संधी आणि विश्वास

ज्याने चुका केल्या त्याला पुन्हा घ्यावे की नाही, या वादात तीन गोष्टींची सरमिसळ होते. त्या नीट वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली क्षमा. ती कमवावी लागत नाही. ती देणाऱ्याच्या मनाची गोष्ट आहे. मुलाने घरातले पैसे उडविले तरी आई त्याला जेवायला वाढते, ती क्षमा. तिसरी विश्वास. तो मागून मिळत नाही. दिवसामागून दिवस घालवून तो कमवावा लागतो. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर कोणी बसवीत नाही, आणि बसवू नये. या दोहोंच्या मध्ये आहे ती संधी. संधी म्हणजे विश्वास नव्हे. विश्वास कमविण्यासाठी दिलेली जागा. क्षमा आहे म्हणून थेट विश्वास मागणारा चुकतो. विश्वास उरला नाही म्हणून संधीही नाकारणारा तितकाच चुकतो. कारण जागाच दिली नाही, तर तो बिचारा विश्वास कमावणार कोठे?

लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला या दृष्टीने फार सूक्ष्म आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. आपण बहुधा येथेच थांबतो आणि माळ्याच्या दयाळूपणाचे कौतुक करतो. पण माळी केवळ मुदत मागत नाही. आपण झाडाभोवती खणू, खत घालू, असे तो म्हणतो. म्हणजे ज्याने रदबदली केली त्याने स्वतःच्या हातांना काम लावून घेतले. शिवाय तो मुदतही एकाच वर्षाची मागतो आणि फळ आले नाही तर तोडण्याचा मालकाचा अधिकार मान्य करतो. दया आणि न्याय येथे एकमेकांची वैरी झालेली नाहीत. संधीला मुदत हवी, आणि संधी देणाऱ्याच्या हाती कुदळ हवी.

भातशेती करणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. राबातील रोपे उपटून खाचरात लावली की पहिले काही दिवस ती पिवळी पडतात, माना टाकतात. नवख्याला वाटते, लावणी फुकट गेली. जाणता शेतकरी बांध नीट करतो, पाणी सांभाळतो आणि वाट पाहतो. मूळ धरले की रोप आपसूक हिरवे होते. राबात राहिले असते तर ते दाटीत खुरटले असते, हेही तो जाणतो. एका संघातून दुसऱ्या संघात, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या तरुणाला असे पिवळे दिवस असतातच.

शून्याचा दिवस

मग महाराष्ट्राच्या संघाने जे केले ते दया म्हणून की हिशेब म्हणून? हिशेब असणारच. संघाला सलामीचा अनुभवी फलंदाज मिळत होता. हिशेबात वावगे काही नाही. मजुराला कामावर घेणाराही आपली गरज पाहूनच घेतो. हिशेबाची परीक्षा तो चुकतो आहे असे वाटू लागते तेव्हा होते.

2025 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईतील बुची बाबू स्पर्धेत नव्या संघाकडून खेळताना पृथ्वीने छत्तीसगडविरुद्ध 111 धावा केल्या. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळील गहुंजे येथे मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात 181 धावा केल्या. पण बाद झाल्यावर मैदानातच प्रतिपक्षाच्या खेळाडूशी त्याचा खटकाही उडाला. संधी मिळाली म्हणून माणूस एका रात्रीत संत होत नाही, हे संधी देणाऱ्याने गृहीत धरलेले बरे. त्यानंतर रणजीचा पहिला सामना केरळविरुद्ध तिरुवनंतपुरम येथे झाला आणि पहिल्या डावात पृथ्वी शून्यावर बाद झाला.

वाचकांनी त्या शून्यापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या डावात 75 धावा झाल्या. पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध पहिल्या डावात 8 आणि दुसऱ्या डावात 156 चेंडूंत 222 धावा झाल्या. ते पाहून आपण म्हणतो, 'बघा, महाराष्ट्राने घेतले ते योग्यच केले.' हा युक्तिवाद कितीही गोड असला तरी खोटा आहे. 222 धावांनी तो निर्णय योग्य ठरत असेल, तर शून्याने तो अयोग्य ठरला होता असे मानावे लागेल. मग ज्याला संधी दिली आणि जो पुन्हा पडला, त्याला संधी देणाऱ्या प्रत्येकाला आपण मूर्ख म्हणणार. तसे झाले तर उद्या कोणी कोणाला हात देण्यास धजणार नाही. जो तो आधी निकालाची हमी मागेल. एखादे कृत्य योग्य की अयोग्य हे ते करताना जे ठाऊक होते आणि जो हेतू होता, त्यांवर ठरते. पंचवीस वर्षांचा तरुण, अंगी असलेले निर्विवाद कसब, आपल्या चुका जाहीरपणे मान्य करण्याची तयारी आणि पुन्हा खालून सुरुवात करण्याची इच्छा. एवढे समोर असताना त्याला जागा देणे योग्यच होते. ते शून्याच्या दिवशीही तितकेच योग्य होते.

चंदीगडच्या त्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. पहिल्या डावात 116 धावा करणाऱ्या ऋतुराज गायकवाड याला सामन्याचा मानकरी घोषित करण्यात आले. त्याने तो मान पृथ्वीबरोबर वाटून घेतला. याच ऋतुराजला 2025 च्या एप्रिलमध्ये कोपराच्या दुखापतीमुळे आयपीएल सोडावी लागली होती, आणि चेन्नईच्या संघात त्याच्या जागी आला होता तो आपला आयुष म्हात्रे. जागा किती नाजूक असते हे ऋतुराजला स्वतःच्या अनुभवाने कळले होते. मान वाटून घेतल्याने त्याचे स्वतःचे शतक उणे झाले नाही. नव्याने आलेल्याला मात्र आपण येथले आहोत, असे वाटले असेल. माळ्याची कुदळ म्हणतात ती हीच.

2025 च्या डिसेंबरमध्ये अबू धाबी येथे पुन्हा लिलाव झाला. पृथ्वीचे नाव पहिल्या फेरीत पुकारले गेले तेव्हा पुन्हा शांतता पसरली. नंतरच्या फेरीत दिल्लीच्याच संघाने त्याला 75 लाखांस घेतले. साडेसात कोटी, शून्य आणि 75 लाख. चार वर्षांत एकाच माणसाच्या तीन किमती झाल्या. यांतली खरी कोणती, असे विचारणेच निरर्थक आहे.

आपल्या अंगणात

हा सारा विचार मैदानावर ठेवून घरी परतलो, तर तो करमणुकीपुरताच राहील. आपल्या गावागावांत असे तरुण आहेत. सेमिनरीत गेलेला मुलगा चार वर्षांनी परत येतो. गेला तेव्हा साऱ्या गावाने त्याला मिरवीत निरोप दिलेला असतो, आला तेव्हा मात्र मिस्सानंतर कोणी त्याच्यापाशी थांबत नाही. आखाती देशातली नोकरी सुटून आलेला बाप दिवसा बाहेर पडणे टाळतो. लग्न मोडून माहेरी आलेली मुलगी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसते. दहावीला नव्वद टक्के मिळविलेला आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी अडकलेला मुलगा सणासुदीला पाहुणे आले की वरच्या माळ्यावर जाऊन बसतो. यांना क्षमेची गरजही नाही, कारण यांतल्या अनेकांनी काही अपराध केलेलाच नाही. त्यांना हवी असते ती नव्याने मूळ धरण्यापुरती जागा.

ती जागा देणे ही मोठ्या संस्थांचीच मक्तेदारी नाही. गावातला एखादा कंत्राटदार, नर्सरीवाला, दुकानदार, शिकवणी घेणाऱ्या बाई, पतपेढीचे संचालक, क्रीडामंडळाचे कार्यकर्ते यांच्या हाती लहान लहान जागा असतात. ती देताना उपकाराचा सूर नको, कारण उपकाराचे ओझे कौतुकाच्या ओझ्याहूनही जड असते. अटी स्पष्ट असाव्यात, मुदत ठरलेली असावी आणि पहिल्या शून्याला घाबरून हात मागे घेऊ नये. घेणाऱ्यानेही हे जाणावे की मिळालेली जागा दुसऱ्या कोणाचीही असू शकली असती. तेव्हा ती दररोज नव्याने मिळविली पाहिजे.

आणि जेथे देण्यास काहीच नसेल, तेथे निदान एक गोष्ट करता येईल. यंदा दहावी-बारावीचा निकाल लागेल तेव्हा पेढे घेऊन आलेल्या मुलांचे आपण कौतुक करूच. त्या संध्याकाळी ज्या घरातून पेढे आले नाहीत, त्याही घरी जाऊन यावे. गुण विचारू नयेत. थोडा वेळ बसावे, चहा घ्यावा, आणि उठताना त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारून निरोप घ्यावा.